थकलेला उजेड

बंगळूरच्या बनशंकरीतलं ते वरचं घर मला मिळालं ते माझ्या नोकरीमुळे, आणि त्या घरात मला जो काही ताप झाला तोही नोकरीमुळेच. मी खगोलशास्त्राच्या एका संस्थेत काम करते. शास्त्रज्ञ म्हणून नव्हे. शाळांच्या सहली येतात त्यांना दुर्बीण दाखवायची, लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायची, ग्रहणाच्या आधी वर्तमानपत्रवाल्यांचे फोन घ्यायचे, असलं काम. घर बघायला गेले त्या दिवशी हे सगळं मी घरमालकांना नीट समजावून सांगितलं होतं. पण ‘खगोल’ हा शब्द कानावर पडल्यावर त्यांनी पुढचं काही ऐकलंच नाही. ते उठून आत गेले आणि बायकोला म्हणाले, "अगं, कॉफी टाक. आपल्याकडे युनिव्हर्स आलंय."

मी सांगलीची. मला वाटलं, मराठी मुलगी म्हणून घर दिलं असेल. पुढे कळलं की माझ्या आधी आलेल्या दोन मराठी बँकवाल्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. त्यांना घरात कुणीतरी ऐकणारं हवं होतं, आणि तेही खगोलातलं.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्यांचं घराणं कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात बोलायचे ते मराठीच, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं की पहिले काही आठवडे मी निम्मं अंदाजानं समजून घेत होते. थोडं म्हणजे ‘स्वल्प’, ठीक आहे म्हणजे ‘सरी’, आणि झालं, संपलं, विषय बंद म्हणजे ‘आयतु’. अण्णांचा प्रत्येक वाद या आयतुवर संपायचा, समोरच्याचं बोलणं संपलेलं असो वा नसो.

नोकरीत अण्णा एका कारखान्याच्या तपासणी विभागात होते. मशीनचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर यायचे. ते मापायचे आणि एकतर पास करायचे नाहीतर रिजेक्ट. सगळी उमर हेच केल्यानं जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी या दोन ढिगांतच पडायची. अक्कांचं सांबार पास. शेजाऱ्यांचं नवं गेट रिजेक्ट, कारण ते डावीकडे किंचित कललेलं होतं. मेट्रो पास, तिच्या स्टेशनातल्या फरशा रिजेक्ट. मी लावलेली तुळस पास, पण कुंडी रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर टेबलावर काही येईनासं झालं तेव्हा त्यांनी विश्व तपासायला घेतलं, आणि ते रिजेक्ट केलं.

म्हणजे शास्त्रज्ञांनी सांगितलेलं विश्व. फार लांबच्या दीर्घिकांचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो तो ताणला जाऊन तांबूस झालेला असतो. विश्व प्रसरण पावतंय, सगळं एकमेकांपासून लांब जातंय, म्हणून असं होतं, हे आम्ही शाळेच्या पोरांनाही फुग्यावर ठिपके काढून दाखवतो. अण्णांना तो फुगा मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, विश्व आहे तिथंच आहे, कुठंही जात नाही. फक्त प्रकाश इतक्या लांबून येतो की वाटेत थकतो. थकला की पिवळा पडतो, मग तांबडा होतो.

"चामराजपेटेतून चालत आलेला माणूस इथं पोचेपर्यंत कसा होतो?" ते विचारायचे. "तांबडा होतो की नाही? मग आपण काय म्हणतो, बंगळूर फुगतंय म्हणून तो तांबडा झाला?"

"बंगळूर फुगतंय हे मात्र खरं," अक्का आतून म्हणायच्या.

हा सिद्धांत काही अण्णांनी शोधलेला नव्हता. जगात तो पूर्वीच मांडून झाला, तपासून झाला आणि टाकूनही देण्यात आला. अण्णांनी तो मोबाइलवर कुठंतरी ऐकला आणि भंगारात चांगला पंखा सापडावा तसा उचलून घरी आणला.

आमच्या संस्थेला अशी माणसं नवीन नाहीत. कुणी चंद्र पोकळ असल्याचं सिद्ध करून पाठवतो, कुणी गुरुत्वाकर्षण ही अफवा असल्याचं. बरेचसे निवृत्त इंजिनियर असतात. बहुतेकांना गणित मुद्दाम अवघड करून ठेवलेलं वाटतं. आणि सगळ्यांची एका गोष्टीवर श्रद्धा असते, की शास्त्रज्ञांना खरं काय ते माहीत आहे आणि ते त्यांनी एकजुटीनं दाबून ठेवलंय. आमच्या शास्त्रज्ञांचं कँटीनमध्ये उपमा असावा की पोंगल यावर आजतागायत एकमत झालेलं नाही. तरी ही माणसं मिळून जगभर एवढा मोठा कट सांभाळून आहेत, असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमची एक बैठक येऊन पाहावी.

पण संस्थेत आलेल्या माणसाला चहा देऊन वाटेला लावता येतं. घरमालकाला कुठं लावणार? मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले की अण्णा हजर. एका संध्याकाळी मी चिमटे बाजूला ठेवले आणि एकदाच काय ते सांगून टाकायचं ठरवलं.

"अण्णा, प्रकाश वाटेत कशावर तरी आपटून थकत असेल ना, तर तो इकडेतिकडे फाकेल. मग लांबच्या दीर्घिका पुसट दिसायला हव्यात, धुक्यातून दिवा दिसावा तशा. पण दुर्बिणीतून त्या रेखीव दिसतात. दुसरं म्हणजे लांबचा तारा फुटतो तेव्हा त्याचा झगमगाट विझायलाही जास्त वेळ लागतो. जवळच्यापेक्षा जास्त. नुसता प्रकाश थकला म्हणून वेळ कसा लांबेल? विश्व ताणलं जात असेल तरच लांबेल."

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग रिंग रोडच्या बाजूला बोट केलं. तिकडं दिव्यांची रांग नुकतीच लागली होती.

"ते दिवे बघ. आपल्या दारातला दिवा आणि तो, दोन्ही एकाच कंत्राटदारानं बसवलेत. दारातला पांढरा दिसतो. तो शेवटचा कसा दिसतो?"

"पांढराच."

"नीट बघ पोरी. पिवळा आहे. भोवती कडं आहे. आणि फाकलाय. तू म्हणालीस ना फाकायला पाहिजे? फाकलाय की." ते माझ्याकडं दयेनं बघत म्हणाले, "संस्थेत राहून तुमचे डोळे पुस्तकासारखं बघायला शिकलेत. मी सही करतो ती स्वतः बघून. आयतु."

मी परत पाहिलं. दिवे पांढरे, टाचणीच्या टोकासारखे लख्ख. मला तेव्हा वाटलं की हा हट्ट आहे. माणसं सिद्धांतासाठी खोटं बोलतात हे मला ठाऊक होतं, म्हणून अण्णाही बोलतायत असं मी धरून चालले. ते खरंच तसं बघत असतील, ही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नाही. येणार कशी? ते स्वतःच सगळ्यांना सांगत होते की या वयात त्यांचे डोळे सुधारलेत. वाचायचा चष्मा त्यांनी टाकून दिला होता. सकाळी कट्ट्यावर बसून पेपरातली बारीक टेंडरं मोठ्यानं वाचून दाखवायचे. "पन्नाशीत चष्मा लागला, सत्तरीत सुटला. असा डोळा दाखवा कुणी." शेजारपाजारचे कौतुकानं बघायचे. त्यातल्या एकानं तर, अण्णा सकाळी काय खातात, असंही विचारलं.

त्याच वर्षी त्यांनी घराला रंग दिला. पांढरा हवा होता. रंगाऱ्यानं पांढरा दिला, अण्णांनी पिवळट म्हणून रिजेक्ट केला. रंगाऱ्यानं दुसऱ्या कंपनीचा आणला, तोही पिवळट. तिसऱ्या वेळी तो डबा तिथंच ठेवून निघून गेला आणि जाताना मला म्हणाला, "मॅडम, यांना सूर्य बदलून द्या."

सूर्य बदलून द्यायची तयारी असलेली माणसं मात्र अण्णांना भेटली, ती चामराजपेटेत. तिथं लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानावर छोटा हॉल आहे. दर महिन्याच्या एका रविवारी तिथं एका मंडळाची सभा भरायची. मंडळाचं नाव ‘विश्वसत्य मंडळ’. अण्णा मला आग्रह करून घेऊन गेले. मंडळाचे सेक्रेटरी गोरेपान, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांचा मोबाइलवर चॅनेल होता आणि त्यांच्या मते पृथ्वी आतून वाढत होती, म्हणून भूकंप. एका गृहस्थांचा चंद्र पोकळ होता. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना तारे म्हणजे ग्रहांचं प्रतिबिंब आहे असं आढळून आलं होतं. गंमत म्हणजे यातला एक सिद्धांत खरा मानला तर बाकीचे सगळे खोटे ठरत होते. पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा, कारण पुढची पाळी त्याची असायची.

परत येताना बसमध्ये अण्णा मला हळूच म्हणाले, "तो चंद्रवाला येडा आहे. ठोकून बघितलंय का कुणी चंद्राला? रिजेक्ट."

"मग त्याला सांगितलं का नाहीत?"

"बरं नव्हे ते. त्यानं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या."

मंडळानं अण्णांना डोक्यावर घेतलं. बाकीच्यांकडं नुसती मतं होती. अण्णांकडं डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता. सेक्रेटरींनी त्यांच्यावर व्हिडिओ केला. मग ठरलं की एकदा सर्वांसमक्ष प्रयोग करायचा. शहरात उजेडाची गर्दी फार, म्हणून आनेकलच्या बाजूला सेक्रेटरींच्या मेव्हण्याची नारळीची बाग होती, तिथं जायचं. बागेला लागून तळं, तळ्याच्या पलीकडे बांध. एकाच खोक्यातले दोन बल्ब. एक बागेत खांबावर, दुसरा पलीकडच्या बांधावर.

अण्णांनी आपली जुनी गाडी काढली. पुढं अक्का, मागं मी आणि चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या भाताचा, मोठा डबा. अक्कांना विश्वाशी काही देणंघेणं नव्हतं. पण माणसं उपाशी राहतील म्हणून त्या आल्या.

दिवस मावळल्यावर दोन्ही बल्ब लागले. मंडळी चटईवर बसली. अण्णा उभे राहून म्हणाले, "हा जवळचा, पांढरा. तो लांबचा. स्वल्प वेळ डोळे स्थिर करा. आता बघा. पिवळा झालाय. भोवती कडं आहे. दिसतंय?"

सगळ्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग चंद्रवाले म्हणाले, "हो, आहे खरा पिवळसर." शिक्षिकाबाई म्हणाल्या, "मला तर दोन कडी दिसतात." मग सगळ्यांनाच दिसायला लागलं. एकाला दिवा थरथरतानाही दिसला. सेक्रेटरी मोबाइलवर सगळ्यांचे चेहरे टिपत होते. बल्ब टिपत नव्हते. टिपले असते तर व्हिडिओत दोन पांढरे ठिपके आले असते.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मला दोन्ही सारखे दिसतात."

सगळे समजूतदारपणे हसले. मी संस्थेची होते.

"तुला गं?" अण्णांनी अक्कांना विचारलं, तेही केवळ उपचार म्हणून.

अक्का ताटं मांडत होत्या. त्यांनी तळ्याकडे नजर टाकली. "पांढरा आहे. लहान आहे. जेवून घ्या, भात गार होतोय."

परतताना अण्णा फार खुशीत होते. आनेकलच्या रस्त्याला दिवे तुरळक. समोरून लॉरी आली की अण्णा हात आडवा धरायचे आणि म्हणायचे, "बघ, केवढं कडं." मी मागे बसून विचार करत होते की हे मला का दिसत नाही. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "अहो, ट्रॉली."

रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी होती. ती मला मागच्या सीटवरून दिसत होती.

अण्णा म्हणाले, "कुठाय?"

त्यांनी ब्रेक लावलाच नाही. शेवटच्या क्षणी अक्कांनी स्टिअरिंग ढकललं म्हणून गाडी ट्रॉलीला नुसती डाव्या अंगानं घासत गेली आणि खडीच्या ढिगावर चढून थांबली. अण्णांना खरचटलंही नाही. मला कपाळाला टेंगूळ आलं. अक्कांचा उजवा हात मनगटात मोडला. त्या ओरडल्या नाहीत. डाव्या हातानं उजवा हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. डब्यातलं उरलेलं चित्रान्न माझ्या अंगभर झालं होतं.

दवाखान्यात प्लास्टर घालून होईपर्यंत अण्णा एकच वाक्य बोलत होते. "त्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता."

ते खरंच होतं. दिवा नव्हता.

"मला दिसली," अक्का म्हणाल्या. "हिलाही दिसली."

"उजेड कमी होता तिथं."

"आम्हाला काय वेगळा उजेड होता?"

अण्णा म्हणाले, "माझे डोळे पास आहेत. पेपर वाचतो मी चष्म्याशिवाय."

"पास कुणी केले?"

"कुणी म्हणजे? मीच."

अक्का पलंगावरून त्यांच्याकडं बघत राहिल्या. सगळ्या संसारात त्यांनी नवऱ्याचा कारखाना मन लावून ऐकला होता हे मला त्या वेळी कळलं. "स्वतः केलेला भाग स्वतःच तपासायचा नाही, असा नियम होता ना तुमच्याकडं? त्यावरून तुम्ही एका माणसाला घरी बसवलंत. मला त्याचं तोंड अजून आठवतं."

अण्णांनी आयतु म्हटलं नाही. पण डोळे दाखवायलाही गेले नाहीत.

मग अक्कांनी आपली पिशवी भरली, म्हणजे मी भरली आणि त्यांनी काय काय घालायचं ते सांगितलं. त्या चामराजपेटेला बहिणीकडं निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "डोळे तपासून आल्याशिवाय मला न्यायला येऊ नका. रिक्षा परत पाठवीन."

अण्णांनी पहिल्यांदा तत्त्व म्हणून किल्ला लढवला. कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्यानं इडली खाऊन यायचे आणि मला गेटातच सांगायचे, "सांबार रिजेक्ट." नंतर सांगायचंही सोडलं. रोज संध्याकाळी बसनं चामराजपेटेला जायचे. साडू कॉफी द्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, अक्का बाहेर यायच्या नाहीत. मंडळाचे लोक त्यांना धीर द्यायला घरी यायचे. सत्याच्या मार्गात घरच्यांचा विरोध होतोच, असं सेक्रेटरी म्हणाले. मी वर जिन्यात उभी होते. हात मोडलेली बाई त्यांच्या हिशोबात सत्याच्या मार्गातला धोंडा झाली होती. मला त्या माणसाचा इतका राग आला की मी खाली उतरून सरळ विचारलं, "तुम्ही अण्णांच्या गाडीत बसाल का? ते चालवतील."

सेक्रेटरी हसले आणि म्हणाले की त्यांनी कॅब बोलावली आहे.

ते गेल्यावर अण्णा बराच वेळ कट्ट्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. "मॅडम," ते म्हणाले. रागावले किंवा घाबरले की ते मला मॅडम आणि तुम्ही म्हणत. "तुम्ही साक्षीदार म्हणून चला. ते लोक काय सांगतात त्यावर माझा विश्वास नाही."

डोळ्यांची डॉक्टर तरुण मुलगी होती. अण्णांनी खुर्चीत बसल्या बसल्या तिला कन्नडमध्ये विचारलं, "डॉक्टर, प्रकाशाबद्दल तुमचं काय मत आहे?"

ती म्हणाली, "हनुवटी इथं ठेवा."

तपासून झाल्यावर तिनं सांगितलं, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, बराच पिकलाय. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. लांबचं पुसट होतं, पांढरं पिवळट दिसतं, अगदी जवळचा लख्ख दिवा तेवढा पांढरा वाटतो, दिव्याभोवती कडी येतात. जवळचं मात्र काही काळ चष्म्याशिवाय वाचता येतं. लोकांना वाटतं, डोळे सुधारले."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होते. हसू येत होतं आणि ते योग्य नव्हतं. आम्ही गच्चीवर दीर्घिकांबद्दल वाद घालत होतो, आणि प्रकाश इतकी अफाट वाट बिनबोभाट तुडवून येत होता. तो थकत होता ते अण्णांच्या बुबुळामागं, अगदी शेवटच्या बोटभर अंतरात.

"कशावरून?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे?"

"दोष भिंगात आहे, उजेडात नाही, कशावरून?"

डॉक्टर वैतागली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करू. दुसरा तसाच राहील. मग तुम्हीच बघा."

याहून चांगला प्रयोग अण्णांना कुणी बांधून दिला नसता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी ते मला हाक न मारता एकटेच गच्चीवर गेले. मी मागून गेले तेव्हा ते रिंग रोडकडं तोंड करून उभे होते. एक डोळा हातानं झाकायचे, मग दुसरा. परत पहिला. मग वळून घराच्या भिंतीकडं बघायचे, तीच पिवळट म्हणून रिजेक्ट केलेली भिंत. असं ते बराच वेळ करत होते. अंधार पडल्यावर म्हणाले, "त्या रंगाऱ्याचा नंबर आहे तुझ्याकडं?"

"कशाला?"

"असू दे. विचारलं."

अक्का दुसऱ्या दिवशी आल्या. अण्णांनी रिक्षातून त्यांना उतरवून घेतलं आणि म्हणाले, "ही साडी निळी आहे होय?" अक्का म्हणाल्या, "घेतली तेव्हापासून."

खरं तर इथं हे संपायला हवं होतं. पण अण्णा तपासणी विभागातले. चुकीच्या मालावर आपली सही राहिली आहे ही गोष्ट त्यांना झोपू देईना. पुढच्या रविवारी चामराजपेटेच्या हॉलमध्ये त्यांचंच भाषण होतं. अक्का आणि मी मागच्या रांगेत बसलो. अक्कांचं प्लास्टर निघालं होतं, हात अजून ताठ होता.

अण्णा उभे राहिले. माघार घ्यायची तर नम्रपणे घ्यावी, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. सगळ्या मंडळाला झापत असल्यासारखे बोलले. "मी आनेकलला जो पुरावा दाखवला तो रिजेक्ट आहे. दोष दिव्यात नव्हता. उजेडात नव्हता. उपकरणात होता. हे उपकरण." त्यांनी डोळ्याकडं बोट केलं. "सिद्धांताचं काय ते ज्यांना मोजता येतं ते बघतील. त्याखालची माझी सही मी काढून घेतोय. आयतु."

चंद्रवाल्यांनी सवयीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि कुणी साथ देत नाही असं बघून थांबवल्या.

शिक्षिकाबाई उठल्या. "मग आम्हाला पिवळा दिसला तो? आम्हा सगळ्यांना काय मोतीबिंदू आहे?"

"तुम्हाला पिवळा दिसला, कारण मी पिवळा म्हणालो."

बाईंचा चेहरा पडला, मग कडक झाला. आपल्याला चुकीचं दिसलं हे माणूस एक वेळ मान्य करतो. आपण पाहिलंच नव्हतं, हे त्याला मान्य करता येत नाही. हॉलमध्ये कुजबुज वाढली. मग सेक्रेटरी उठले आणि त्यांच्या त्या मऊ आवाजात बोलू लागले.

"अण्णांबद्दल आपल्याला आदरच आहे. पण विचार करा. इतकी वर्षं अण्णांनी देवानं दिलेल्या डोळ्यानं पाहिलं आणि त्यांना सत्य दिसलं. आता त्यांच्या डोळ्यात काय आहे? कारखान्यात बनवलेलं प्लास्टिकचं भिंग. ते बनवलं कुणी? कुणाच्या पुस्तकाप्रमाणे? आणि ते बसवल्याबरोबर अण्णांना एकदम पुस्तकातलंच दिसायला लागलं. हा योगायोग आहे?"

माना हलल्या. मी डोळ्यांनी पाहिलं, सगळ्या रांगांत हलल्या. अण्णा उघड्या तोंडानं उभे होते. सेक्रेटरी त्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि आर्जवानं म्हणाले, "अण्णा, डावा डोळा अजून तसाच आहे ना? तेवढा राखून ठेवा. मंडळाजवळ आता तेवढाच उरलाय."

त्या सभेचा व्हिडिओ सेक्रेटरींच्या चॅनेलवर आहे, बरेच लोक बघतात. अण्णांची कबुली त्यात नाही. त्यांच्यावर कसा दबाव आला ते आहे. खगोलशास्त्राच्या एका संस्थेनं त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आपलं माणूस आधीपासून पेरून ठेवलं होतं, असंही त्यात म्हटलंय. ते माणूस म्हणजे मी. आमच्या कँटीनमध्ये तो व्हिडिओ फार लोकप्रिय झाला. काही दिवस मला सगळे एजंट म्हणत होते. अण्णांच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता ते मला जास्त छळतात. मी शाळांसाठी लिहिलेलं प्रत्येक पत्रक आधी त्यांना दाखवावं लागतं आणि प्रत्येक वाक्यापाशी बोट ठेवून ते विचारतात, "हे बघितलंय कुणी? कुठल्या दुर्बिणीनं? ती दुर्बीण कुणी तपासली?" गेल्या महिन्यात त्यांनी माझा फुगा रिजेक्ट केला. ठिपकेही फुगतात, दीर्घिका फुगत नाहीत, म्हणाले. आणि ते बरोबर आहे. आता मी फुग्यावर कागदाच्या टिकल्या चिकटवते.

पण त्या रविवारी हॉलमधून खाली उतरलो तेव्हा असं काही नव्हतं. आम्ही तिघं चामराजपेटेच्या बसस्टॉपवर उभे होतो. मला अण्णांसाठी वाईट वाटत होतं आणि माझ्या अंगात नोकरी संचारली होती.

मी म्हणाले, "अण्णा, पुढच्या सभेला आपण तयारीनं येऊ. पिवळी काच आणू, एकेकाच्या डोळ्यापुढं धरू. आनेकलचे बल्ब परत लावू, फोटो काढू. मी आलेख करून आणते. पटेल त्यांना."

"नाही पटणार."

"का नाही?"

"मला पटवायला तुझ्याकडं काय कमी होतं?" ते रस्त्याकडं बघत म्हणाले. "पुस्तकं होती. संस्था होती. गच्चीवर चांगलं समजावलं होतंस तू. मला सगळं समजलं होतं."

अक्का पलीकडं उभ्या होत्या. त्या उजव्या हाताची मूठ उघडत होत्या, मिटत होत्या. डॉक्टरांनी तसा व्यायाम सांगितला होता.

"हाड मोडावं लागलं," अण्णा म्हणाले. "तेही माझं नाही."

बस आली. अक्कांनी डाव्या हातानं दांडी धरली आणि त्या आधी चढल्या.